सर आली की सिग्नल कुठे जातो? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका उत्तरात सहज लिहून गेले होते की जोराच्या पावसात वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल अशक्त होतो, बस एवढंच, आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. प्रश्न थोडे कापून छोटे केलेत, मुद्दा ज्याचा त्याचाच आहे.

प्रश्न : ताई, दिवसभर रिपरिप चालू असते तेव्हा आमचा डिशचा टीव्ही मस्त चालतो, आणि दहा मिनिटांची जोराची सर आली की चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि सगळं गोठतं. कधीकधी तर आमच्या दारात थेंबही पडलेला नसतो तरी सिग्नल गेलेला असतो. बॉक्स बदलावा का?

नका बदलू, बॉक्स चांगला आहे. तुम्ही जे बघितलंय ना, रिपरिपीत चालतो आणि सरीत जातो, त्यातच अर्धं उत्तर आहे.

डिश टीव्हीचा सिग्नल साधारण ११-१२ गिगाहर्ट्झवर येतो, म्हणजे लहरीची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. रिपरिपीतले थेंब बारीक असतात, एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान, आणि एवढ्या मोठ्या लहरीला ते जवळपास दिसतच नाहीत. जोराच्या सरीत मात्र तीन, चार, पाच मिलिमीटरचे टपोरे थेंब येतात (त्याहून मोठा थेंब हवेत टिकत नाही, फुटतो), आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, पाण्यात शिरल्यावर लहर आखडते, या फ्रिक्वेन्सीला हवेतल्यापेक्षा सात-आठपट छोटी होते. म्हणजे थेंबाच्या आत ती लहर तीन-साडेतीन मिलिमीटरची आणि थेंबही तेवढाच, मग थेंब तिच्यातली थोडी ऊर्जा पिऊन टाकतो, त्याची उष्णता होते, आणि थोडी ऊर्जा भलत्याच दिशांना उधळतो. एका थेंबाने काही होत नाही, पण वाटेत कोट्यवधी थेंब असतात.

आता आकडे बघा. १२ गिगाहर्ट्झला ताशी ५ मिलिमीटर पाऊस असेल तर किलोमीटरमागे साधारण ०.१६ डेसिबल जातात, आणि ताशी ५० मिलिमीटर असेल तर साधारण २.४ डेसिबल. पाऊस दहापट आणि नुकसान पंधरापट! (डेसिबलचा हिशोब असा : ३ गेले की सिग्नल निम्मा, १० गेले की दहावा हिस्सा उरला, २० गेले की शंभरावा.) रिपरिप दहा तास पडली आणि सर एकच तास पडली तर पर्जन्यमापकात दोन्हीचं पाणी सारखंच भरेल, ५० मिलिमीटर, पण टीव्हीच्या दृष्टीने पहिला दिवस चांगला गेला आणि दुसऱ्या दिवशी तासभर बोंब. एकूण किती पडला याला सिग्नल विचारत नाही, या मिनिटाला किती जोरात पडतोय एवढंच त्याला कळतं.

दारात थेंब नाही आणि सिग्नल गेला, त्याचं कारण सोपं आहे. तुमची डिश सरळ वर बघत नाही, तिरकी बघते. उष्ण प्रदेशात पाऊस साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत द्रवरूपात असतो, त्याच्या वर बर्फ. डिश ४५ अंशात असेल तर सिग्नल या पट्ट्यातून सात किलोमीटर तिरका येतो आणि पट्ट्यात जिथून शिरतो ती जागा जमिनीवर मोजली तर तुमच्यापासून पाच किलोमीटर लांब असते. म्हणून ढग डिशच्या तोंडाच्या बाजूने येत असेल तर आधी चित्र जातं मग पाऊस येतो, आणि पाठीमागून येत असेल तर उलटं, आधी तुम्ही भिजता. पुढच्या वेळी बघा आणि मला कळवा. आणि ज्या केंद्रावरून सिग्नल उपग्रहाकडे पाठवला जातो तिथेच मुसळधार असेल तर तुमच्याकडे ऊन असूनही चित्र बिघडू शकतं, पण तिथे पॉवर वाढवायची किंवा दुसऱ्या गावच्या केंद्रावर जायची सोय असते म्हणून असं क्वचित होतं.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पाऊस सिग्नल कमी तर करतोच, शिवाय गोंगाटही वाढवतो. निरभ्र आकाश रेडिओच्या भाषेत खूप थंड असतं, डिशला वरून गोंगाट फार कमी येतो, पण जी वस्तू लहर शोषते तीच वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे लहरी सोडतेही, त्यामुळे पाऊस आला की डिशसमोर जणू कोमट पडदा धरला जातो. चांगल्या एलएनबीवर (डिशसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा) सिग्नल ३ डेसिबल पडला तर गोंगाट वाढल्यामुळे खरा फटका सहा-साडेसहाचा बसतो. आणि डिजिटल चित्र जुन्या ॲनालॉगसारखं हळूहळू मुंग्या येत बिघडत नाही, एका मर्यादेपर्यंत एकदम स्वच्छ आणि त्याखाली गेलं की खलास.

उपाय म्हणाल तर डिशची दिशा कोरड्या दिवशी एकदा नीट जुळवून घ्या, कारण ती थोडी जरी सरकलेली असली तरी कोरड्यात चालून जातं आणि पावसात तेच एक-दोन डेसिबल कमी पडतात. ६० सेंटीमीटरच्या जागी ९० ची डिश बसवली तर साडेतीन डेसिबल जास्त मिळतात. पण पाऊस चालू असताना डिश हलवायला छतावर चढू नका, कृपा करून नका चढू. निसरडं असतं, विजा असतात, आणि सर गेली की सिग्नल आपोआप परत येतोच, उलट तुम्ही हलवलेली डिश मात्र मग परत येत नाही.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर पाणी तापवतो आणि वायफाय पण २.४ वरच असतं, मग पाऊस वायफाय खाऊन टाकत नाही का?

प्रश्न फार आवडला, कारण यात एक गैरसमज आहे जो मोठमोठ्या माणसांनाही असतो, की २.४५ ही पाण्याची "खास" फ्रिक्वेन्सी आहे. तशी ती नाहीये. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते, म्हणून लहरीचं विद्युतक्षेत्र इकडून तिकडे फिरलं की रेणूही त्याच्याबरोबर फिरायला बघतो, पण शेजारचे रेणू त्याला धरून असतात म्हणून मागे पडतो आणि त्या घासाघाशीत उष्णता तयार होते. हे मागे पडणं सगळ्यात जास्त जाणवतं ते नेहमीच्या तापमानाला १७ ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि तेही टोकदार नसतं, खूप पसरट असतं. ओव्हनला २.४५ दिली कारण तो पट्टा अशा कामांसाठी मोकळा ठेवलेला होता, आणि दुसरं म्हणजे फारच जोरात शोषली जाणारी लहर वापरली असती तर पदार्थ वरून तापला असता आणि आतून गार राहिला असता.

मग ओव्हनमध्ये पाणी उकळतं कसं? धातूच्या बंद पेटीत सात-आठशे वॉटची लहर परत परत आपटत राहते आणि समोर पाव लिटर पाणी एका जागी असतं. वायफायचा राउटर पाठवतो साधारण एक दशांश वॉट. आणि पाऊस? ताशी ५० मिलिमीटरच्या धो धो पावसात एक घनमीटर हवेत पाणी किती असतं सांग बरं? जेमतेम दोन ग्रॅम! मलाही पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा पटला नव्हता, मी कागदावर करून बघितला. तूही कर : थेंब सेकंदाला सहा-सात मीटरने खाली येतो, तासाला ५० मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर ५० किलो पाणी, भाग दे, दोन ग्रॅमच येतील.

त्यात वायफायची लहर १२ सेंटीमीटरची आणि थेंब दोन-तीन मिलिमीटरचा, म्हणजे पन्नासपट फरक. अशा पावसात २.४ गिगाहर्ट्झचं नुकसान किलोमीटरला एक शतांश डेसिबलच्या आसपास होतं, मोजायला गेलं तर सापडणार नाही. मग पावसात घरचं नेट स्लो का होतं हे विचारशीलच. बाहेरून येणाऱ्या केबलच्या जोडात पाणी शिरतं, किंवा सगळे घरी बसून एकदम व्हिडिओ बघतात, किंवा तुमचं नेट देणाऱ्याची स्वतःची लाइन कुठेतरी वरच्या फ्रिक्वेन्सीच्या हवाई लिंकवरून येत असते आणि ती तिकडे भिजत असते. झाडं मधे असतील तर ओल्या पानांचा थोडा परिणाम होतो, तो खरा.

प्रश्न : पूर्वी आमच्याकडे मोठी जाळीची छत्री होती, ती कितीही पाऊस असला तरी चालायची. आता छोटी डिश आली आणि पाऊस आला की बंद. मग ही प्रगती म्हणायची की अधोगती?

काका, तुमची तक्रार बरोबर आहे आणि ती छत्रीही खरोखर पावसाला पुरून उरणारी होती. ती सी बँडवर चालायची, साधारण ४ गिगाहर्ट्झ, लहर साडेसात सेंटीमीटरची. ताशी ५० मिलिमीटरच्या पावसात तिथे किलोमीटरला ०.०५ डेसिबल जातात फक्त, १२ गिगाहर्ट्झच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. पण लहर मोठी म्हणून छत्रीही मोठी लागते, दोन-तीन मीटरची, कारण डिश लहरीच्या कितीपट मोठी आहे यावर तिची पकड ठरते. प्रत्येक घरावर एवढी छत्री बसणार नव्हती. शिवाय खालच्या फ्रिक्वेन्सींमध्ये जागाच अपुरी, तिथे आधीच गर्दी, चॅनेल आणि डेटा वाढला तसं वर सरकणं भाग होतं. म्हणजे छोटी डिश आणि भरपूर चॅनेल मिळाले त्याची किंमत आपण पावसातल्या काही मिनिटांनी मोजतो. मला स्वतःला हा सौदा ठीक वाटतो, पण जिथे वादळाची सूचना किंवा विमानांचं कामकाज अवलंबून असतं तिथे अजूनही सी बँड ठेवतात आणि तो ठेवलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

वर सरकताना ठेच लागली ती पहिल्यांदा दुसऱ्या महायुद्धात. रडार अजून बारीक दिसावं म्हणून सव्वा सेंटीमीटरची लहर निवडली, २४ गिगाहर्ट्झ, के बँड, आणि मग कळलं की २२.२ गिगाहर्ट्झला हवेतली पाण्याची वाफच लहर शोषते, पाऊस तर पुढची गोष्ट. म्हणून मधला भाग टाळून त्याच्या खालचा आणि वरचा असे दोन पट्टे जास्त वापरात आले, त्यांनाच आपण केयू आणि केए म्हणतो. तुमच्या घरावरची छोटी डिश केयूवाली.

प्रश्न : धुकं, ढग, गारा, बर्फ यांचाही असाच त्रास होतो का?

थोडक्यात सांगते. धुक्याचा आणि साध्या ढगाचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, १२ गिगाहर्ट्झला त्याचं काही वाटत नाही, ३० च्या वर थोडं जाणवायला लागतं. कोरडा बर्फ आणि कोरड्या गारा लहर फार कमी शोषतात कारण बर्फात रेणू जागेवर बांधलेले असतात, फिरू शकत नाहीत. वितळता बर्फ मात्र वाईट, वरून पाण्याचा थर आणि आकार मोठा.

पण गंमत बघा, दोन इमारतींमध्ये हवेतून लेझरने डेटा पाठवतात त्या लिंकचं बरोब्बर उलटं असतं, दाट धुक्यात ती मरते आणि पावसात बऱ्यापैकी तग धरते. प्रकाशाची लहर इतकी सूक्ष्म की धुक्याचा कण तिला पुरेसा मोठा असतो आणि धुक्यात कणांची संख्या प्रचंड. म्हणून काही ठिकाणी लेझर आणि मिलिमीटर लहर अशी जोडी लावतात, एक पडली की दुसरी (मिलिमीटर लहर म्हणजे काही मिलिमीटर लांबीची रेडिओ लहर).

प्रश्न : आमच्याकडे उपग्रहाचं इंटरनेट आहे. पावसात ते टीव्हीसारखं एकदम बंद पडत नाही, आधी स्लो होतं, आणि अपलोड आधी मार खातं. असं का?

टीव्हीचा सिग्नल एकच असतो आणि तो लाखो घरांत जातो, एका घरावर पाऊस आहे म्हणून सगळ्यांसाठी तो बदलता येत नाही. इंटरनेटमध्ये तुमचा मोडेम आणि उपग्रह दोघं बोलत असतात, मोडेम सांगतो की माझ्याकडे सिग्नल पडलाय, मग पलीकडून कमी दाटीचं मॉड्युलेशन (म्हणजे लहरीवर माहिती कमी दाटीने भरणं) आणि जास्त दुरुस्तीचे बिट लावले जातात, जसं गोंगाटात आपण हळू आणि शब्द परत परत उच्चारून बोलतो तसं. वेग घटतो पण लिंक जगते. अगदीच धो धो आला की मग तीही पडते.

अपलोडचं म्हणाल तर केए बँडच्या सेवेत खाली येणारी लहर २० गिगाहर्ट्झच्या आसपास आणि वर जाणारी ३० च्या आसपास असते. ताशी ५० मिलिमीटरला २० वर किलोमीटरला पावणेसहा डेसिबल जातात आणि ३० वर जवळजवळ दहा. वर तुमच्या छोट्या टर्मिनलकडे पॉवर मोजकीच, त्यामुळे अपलोडला दोन्हीकडून मार.

प्रश्न : मी टॉवरमधल्या मायक्रोवेव्ह लिंक बसवायचं काम शिकतोय. २३ गिगाहर्ट्झची ४ किलोमीटरची लिंक आहे, सीनियर म्हणतात व्हर्टिकल पोलरायझेशन लाव. का ते सांगत नाहीत. आणि पॉवर वाढवून काम होणार नाही का?

सीनियर बरोबर सांगतायत. पोलरायझेशन म्हणजे लहरीचं विद्युतक्षेत्र उभं डोलतं की आडवं, व्हर्टिकल म्हणजे उभं. चित्रात काढतात तसा पावसाचा थेंब खाली गोल आणि वर टोकदार नसतोच. एक मिलिमीटरपर्यंत तो छान गोल असतो, त्याहून मोठा झाला की पडताना खालून हवा दाबते आणि तो चपटा होतो, रुंदी जास्त उंची कमी. म्हणून आडव्या पोलरायझेशनच्या लहरीला तो जास्त मोठा "दिसतो". २३ गिगाहर्ट्झला ताशी ५० मिलिमीटरमध्ये आडव्याचं नुकसान किलोमीटरला सुमारे ७ डेसिबल आणि उभ्याचं साडेपाचच्या जरा वर. चारही किलोमीटरवर पाऊस असेल तर साडेपाच-सहा डेसिबल फुकटात वाचतात, नुसता अँटेनाचा फीड ९० अंशात फिरवून! दोन्ही टोकांना फिरवायचा हे विसरू नको, एकच टोक फिरवून दिवसभर लिंक शोधत बसलेली माणसं मी बघितलीत.

पॉवरचा हिशोब तूच कर. त्याच सरीत आडव्याला ४ किलोमीटरवर २८ डेसिबल गेले, म्हणजे सहाशेपटीच्या वर. पॉवर दुप्पट केलीस तर मिळतात ३. पॉवरने पाऊस जिंकता येत नाही. लिंक दोन तुकड्यांत केली, मधे एक टॉवर घेतला, तर प्रत्येक तुकड्यात नुकसान निम्मं होतं, आणि डेसिबलमध्ये निम्मं म्हणजे केवढं ते तुझ्या लक्षात येईल. म्हणूनच ८० गिगाहर्ट्झच्या लिंक, जिथे अशा पावसात किलोमीटरला १९ डेसिबल जातात, त्या एक-दोन किलोमीटरच्याच ठेवतात.

मार्जिन, म्हणजे पावसासाठी हाताशी ठेवायचे जादा डेसिबल, किती ठेवायचं हे मात्र त्या जागेच्या पावसावर ठरतं. ९९.९९ टक्के उपलब्धता मागितली असेल तर वर्षात फक्त ५३ मिनिटं लिंक पडलेली चालते, म्हणून वर्षातल्या सगळ्यात वाईट ५३ मिनिटांत पाऊस किती जोराचा असतो तो आकडा घ्यायचा, वार्षिक सरासरी पाऊस इथे काही कामाचा नाही. आणि अँटेनाच्या कव्हरवर पाण्याची फिल्म बसते तिचे एक-दोन डेसिबल वेगळे धर, नवीन कव्हरवर पाणी मोत्यांसारखं घरंगळतं पण जुनं झालं की पसरून चिकटतं.

प्रश्न : ५जी मिलिमीटर लहरींवर चालणार म्हणतात, म्हणजे पावसात फोन बंद?

नाही. २८ गिगाहर्ट्झला ताशी ५० मिलिमीटरमध्ये किलोमीटरला ९ डेसिबल जातात हे खरं, पण असा टॉवर तुमच्यापासून दीड-दोनशे मीटरवर असतो, म्हणजे जातात दोनच्या आत. फोन धरलेला हात, मधली भिंत किंवा तुम्ही स्वतः पाठ करून उभे राहिलात तर त्याहून कितीतरी जास्त जातात. आणि बहुतेक ५जी सहा गिगाहर्ट्झच्या खालीच चालतं, तिथे तर पावसाचा प्रश्नच नाही.

प्रश्न : सिग्नल किती पडला यावरून पाऊस किती पडला हे काढता येईल का?

येतं, आणि शेवटी हाच प्रश्न ठेवला कारण या सगळ्या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे.

मोबाइलचे टॉवर आपसात मायक्रोवेव्ह लिंकने जोडलेले असतात आणि प्रत्येक लिंक किती सिग्नल आला याची नोंद ठेवतच असते, देखभालीसाठी. पाऊस आला की तो आकडा खाली जातो. २००६ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या हागित मेसर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पडून असलेल्या नोंदींमधून पाऊस काढता येतो, आणि २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये साधारण २४०० लिंकवरून पूर्ण देशाचे पावसाचे नकाशे तयार केले. एकही नवीन यंत्र न बसवता!

हे जमण्यामागे निसर्गाने केलेली एक मदत आहे. पहिल्या उत्तरात सांगितलं की १२ गिगाहर्ट्झला पाऊस दहापट झाला की नुकसान पंधरापट होतं, म्हणजे थेंबांच्या आकारावर खूप काही अवलंबून. पण २० ते ३५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दहापटीला जवळपास दहापटच होतं, थेंब टपोरे असोत की बारीक, पाऊस आणि डेसिबल हातात हात घालून चालतात. डेव्हिड ॲटलस आणि कार्लटन उलब्रिच यांनी १९७७ मध्येच हे दाखवलं होतं, आणि पुढे मोबाइलवाल्यांनी आपल्या कारणासाठी हजारो लिंक नेमक्या याच पट्ट्याच्या आसपास लावल्या. रडार ढगात उंचावरचा पाऊस बघतं, पर्जन्यमापक एका डब्याएवढी जागा, आणि लिंक जमिनीपासून काही दहा मीटरवर दोन-चार किलोमीटरच्या पट्ट्याची सरासरी देते, आणि टॉवर तर पर्जन्यमापक नसलेल्या ठिकाणीही असतात.

अडचण आहे ती त्या पाण्याच्या फिल्मची. सर थांबते, आकाश उघडतं, पण अँटेनाच्या कव्हरवर पाणी असेपर्यंत लिंक अजून एक-दोन डेसिबल कमीच दाखवते आणि नकाशावर कोरड्या गावात पाऊस पडत राहतो, म्हणून हिशोब करणाऱ्यांना आधी ते ओलं कव्हर वजा करावं लागतं आणि मगच पाऊस मोजावा लागतो.